निळा पडदा परत परत येतोय, फॉरमॅट सोडून काही इलाज आहे का?

खासबाग_विनायक
नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरनं जीव नकोसा केलाय. २०२० सालचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. आय-३ १०१०० प्रोसेसर, मूळची ८ जीबी रॅम, नंतर त्यात आणखी ८ जीबी बसवून घेतली. विंडोज असलेली एसएसडी वेगळी आणि डेटाला जुनी १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १०.

सकाळी मी बिलं आणि जीएसटीचं काम करतो तेव्हा ढिम्म काही होत नाही. संध्याकाळी बायको शहापुरी साड्यांचे फोटो एडिट करायला बसते, व्हॉट्सअॅपवर तिची बरीच गिऱ्हाइकं आहेत. तासाभरात निळा पडदा, तो रडका चेहरा, आणि रीस्टार्ट. सेव्ह न केलेलं सगळं गेलं. कोड दर वेळी वेगळा. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया.

दुकानदारानं फॉरमॅट मारून दिला. आठवडाभर बरं चाललं, मग पहिले पाढे पंचावन्न. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेलाय, बोर्ड-प्रोसेसर सगळंच नवीन घ्या. बोर्ड खरंच गेलाय का, हे घरच्या घरी कळायचा काही मार्ग आहे का?

निपाणीचा_नाना
"बायको बसली की निळा पडदा येतो" हे वाक्य घरी कुणी वाचणार नाही याची आधी व्यवस्था करा. कॉम्प्युटरचं नंतर बघू.

कुंदा_प्रेमी
नानांना +१. खुर्ची टाकून बसलोय.

उद्यमबाग_वायरमन
विनायकराव, बेळगावच्या खासबागेत राहता म्हणजे आजूबाजूला माग असणारच. संध्याकाळी सगळे पॉवरलूम चालू, वर घरोघरी मिक्सर आणि गीझर. व्होल्टेज खाली-वर होतं आणि कॉम्प्युटर बसतो. कोडबिड काही बघू नका, आधी अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नसते. अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

खासबाग_विनायक
येतात. बायको तर चप्पल घातल्याशिवाय कीबोर्डला हात लावत नाही.

उद्यमबाग_वायरमन
मग झालं की! धागा बंद करा.

सांबऱ्याचा_पोरगा
थांबा थांबा, एवढ्यात बंद नको. वायरमनकाका, अर्थिंग करून घ्या हे शंभर टक्के बरोबर. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरमधला वीजपुरवठ्याचा डबा) आत जे फिल्टर कपॅसिटर असतात, त्यांची गळती जायला अर्थिंगची वायर नसली की कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस वाचतो. पण ही तक्रार वेगळी आणि निळा पडदा वेगळा.

वीज गेली किंवा फार खाली आली तर मशीन तडक बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. निळं काही दिसत नाही, कारण दाखवायला विंडोजला वेळच मिळत नाही. निळा पडदा म्हणजे विंडोज शुद्धीवर आहे, त्याला आत काहीतरी भलतं सापडलंय आणि डेटा खराब व्हायला नको म्हणून ते स्वतःहून थांबलंय.

हे पडताळता येतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. तिथं कर्नल-पॉवर ४१ अशी लाल नोंद असेल. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड (निळ्या पडद्याच्या कोडचा आकडा) बघा. शून्य असेल तर बहुतेक वीज, एसएमपीएस नाहीतर पूर्ण गोठलेलं मशीन. शून्य नसून दुसरा आकडा असेल तर खरा निळा पडदा.

मी बेंगळुरूला असतो, काम याच प्रकारचं आहे. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात मिनिडंप नावाचं फोल्डर असेल, पडदा आला त्या क्षणाची नोंद तिथं साठते, त्यातल्या फाइली मला झिप करून द्या. लिंक इथं उघड्यावर टाकू नका, निरोपातून पाठवा. त्या फाइलींत मेमरीचे तुकडे असतात.

तांबडी_माती
मी खानापुरात दुरुस्तीचं दुकान चालवतो. आमच्याकडं पावसाळ्यात असली मशिनं रांगेनं येऊलाल्यात बघा. जांबोटी, कणकुंबीकडची तर विचारूच नका, चार महिने भिंतीला ओल आणि मशीन त्याच भिंतीला टेकवलेलं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. पॉवर बंद करा, वायर काढा, बटण धरून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, मग रॅम काढून खोडरबरनं पट्ट्या घासा, स्लॉटमध्ये ब्रश मारा, परत बसवा. दोन्ही बाजूंनी टक् आवाज आला पाहिजे. निम्मी मशिनं एवढ्यावर सुटतात.

सौ_मृणाल
आमच्या टिळकवाडीतल्या घरी कारण वेगळंच निघालं होतं. मुलाच्या कॉम्प्युटरला क्रिटिकल प्रोसेस डाइड यायचं. यायच्या आधी अर्धा मिनिट माउस हलायचा पण क्लिक काही व्हायचं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून पाहिलं तर हार्ड डिस्कवर पिवळा इशारा, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढलेले. फोटो आधी काढून घेतले, मग डिस्क बदलली. विनायकरावांच्या तर दोन डिस्क आहेत, दोन्हींचं आरोग्य बघून घ्यावं. काही खर्च नाही, पाच मिनिटांचं काम.

जुनाखडूस
आम्ही १९९६ पासून निळे पडदे बघतोय. तेव्हा त्यात "कोणतीही कळ दाबा" असं लिहिलेलं असायचं आणि कोणतीही कळ दाबली तरी काहीही व्हायचं नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स स्टेजवर उभे असताना विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळं! म्हणूनच अजून बाजारात आणलेलं नाही, असं म्हणून गेट्सनी हशा घेतला. तेव्हा विनायकराव, मनाला लावून घेऊ नका.

चंदगडकर
काका, निदान ते एकट्याचं होतं. १९ जुलै २०२४ आठवतोय का? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरात ८५ लाख विंडोज मशिनं निळी, हा मायक्रोसॉफ्टचाच अंदाज. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. एका कंपनीच्या ड्रायव्हरनं (विंडोजच्या अगदी आत चालणारा छोटा प्रोग्राम) केवढी पंचाईत! त्यामुळे मला नेहमी आधी ड्रायव्हरचा संशय येतो. विनायकराव, ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंय का?

खासबाग_विनायक
नाही. दुकानदारानं फॉरमॅटनंतर काय काय टाकलंय ते मात्र बघावं लागेल.

इव्हेंट व्ह्यूअर बघितला. कर्नल-पॉवर ४१ च्या बऱ्याच नोंदी आहेत. बगचेककोड एका ठिकाणी २६, एका ठिकाणी १०, एका ठिकाणी ८०. दोन ठिकाणी मात्र शून्य.

सांबऱ्याचा_पोरगा
छान, हे आकडे दशमान पद्धतीतले आहेत. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे आयआरक्यूएलवाला, ८० म्हणजे पेज फॉल्ट. शून्यवाल्या नोंदींची वेळ बघा, तेव्हा लाइट गेली होती का?

खासबाग_विनायक
होय, त्या दोन्ही वेळा लाइट गेली होती. यूपीएस आहे, पण बॅटरी मेलेली. प्लग काढला की मशीन लगेच बंद.

उद्यमबाग_वायरमन
म्हणजे दोन तरी माझे! आणि पोरा, एक ऐक. एसएमपीएस स्वस्तातला असेल, आतले कपॅसिटर फुगलेले असतील, तर १२ व्होल्टची लाइन डगमगते. लाइट न जाताही मेमरीत चुका होतात आणि निळाच पडदा येतो. हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

सांबऱ्याचा_पोरगा
मान्य, होऊ शकतं. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंग्ज) हार्डवेअर मॉनिटर असेल तर तिथं दिसते. पण तिथला आकडा मशीन निवांत असतानाचा, फोटो एडिट करतानाचा नाही. म्हणून एसएमपीएस यादीत राहू दे, पहिल्या नंबरावर मात्र नाही. पहिली रॅम.

शहापूरची_अक्का
माझं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं काम आहे, मराठी आणि कानडी दोन्ही. माझ्याही मशीनला निळा पडदा यायचा, पण कोड दर वेळी एकच आणि खाली फाइलीचं नावही एकच. ऐन लग्नसराईत! पत्रिकेचा मजकूर दोन भाषांत बसवून झाला, प्रिंट द्यायची, आणि गेलं. टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबीत डोंगल लावावं लागतं, त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळातला होता. नवा ड्रायव्हर टाकला, जुना आधी पूर्ण काढला, तेव्हापासून शांतता.

सांगायचं काय, तर तेव्हा मलाही दुकानदार फॉरमॅटच म्हणाला होता. फॉरमॅट करून तोच जुना ड्रायव्हर परत टाकला असता तर काय उपयोग होता?

सांबऱ्याचा_पोरगा
अक्का, तुमचं उदाहरण फार कामाचं आहे. दर वेळी एकच कोड आणि एकच फाइल, तर संशय ड्रायव्हरवर. दर वेळी कोड वेगळा, फाइल वेगळी, प्रोग्राम वेगळा, तर संशय हार्डवेअरवर आणि त्यातही आधी रॅमवर. नियम काही दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

विनायकराव, तुमच्या फाइली मिळाल्या. विनडीबीजी या डंप वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. एकीत दोष विंडोजच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर दाखवतोय, एकीत फाइल सिस्टमच्या ड्रायव्हरवर, एकीत ब्राउझर चालू असताना. चोर इतके वेगवेगळे नसतात. कर्नलचं नाव दिसलं म्हणून विंडोज खराब असंही समजू नका. चूक कुठंतरी आधीच झालेली असते, कर्नलच्या ती फक्त लक्षात येते.

आता खरी गंमत. एका डंपमध्ये निष्कर्ष आलाय मेमरी करप्शन वन बिट. कर्नलचा कोड मेमरीत जसा असायला हवा आणि जसा आहे, यात फक्त एका बिटचा फरक. शून्याच्या जागी एक. बिघडलेला ड्रायव्हर मेमरीत घुसला तर सहसा सलग बाइट्स खराब करतो. एकच बिट उलटा झालेला दिसला की मी आधी रॅमकडं बघतो.

निपाणीचा_नाना
एका बिटसाठी अख्खा बोर्ड बदलायला निघाला होता दुकानदार.

कुंदा_प्रेमी
बोर्ड-प्रोसेसरच्या पैशात किती किलो कुंदा येईल याचा हिशोब करून बसलोय. आकडा सांगत नाही, विनायकरावांना रडू येईल.

माझिया_डेस्कटॉपा
माझ्याकडं मिनिडंपचं फोल्डरच नाही. निळा पडदा मात्र येतो. काय भानगड?

सांबऱ्याचा_पोरगा
पेज फाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती) बंद केलीय का? "एसएसडी लवकर झिजते" असं ऐकून बरेच जण करतात. सी ड्राइव्हवर पेज फाइल नसेल तर डंप लिहिता येत नाही. ती सिस्टम मॅनेज्डवर ठेवा. तिथंच अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी आहे. त्यात स्मॉल मेमरी डंप निवडा आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढा, म्हणजे पडदा तसाच राहील आणि कोडचा फोटो काढता येईल.

आणखी एक, डिस्क साफ करणारी सॉफ्टवेअरं हे डंप कचरा म्हणून उडवतात. दुखणं असेपर्यंत ती चालवू नका.

माझिया_डेस्कटॉपा
होय, पेज फाइल बंदच होती. धन्यवाद.

सांबऱ्याचा_पोरगा
विनायकराव, आता कामाचं. मेमटेस्ट८६ ची फुकट आवृत्ती उतरवा, पेनड्राइव्हवर चढवा, मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. पेनड्राइव्ह रिकामा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जातं. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी आहे, रन उघडून एमडीएसकेड टाइप केलं की चालू होते, पण बारीक दोष तिच्या नजरेतून निसटतात. मेमटेस्टचे चार फेरे होतात, १६ जीबीला कित्येक तास लागतील, रात्री लावून झोपा. फक्त लाइटचं बघा.

एक जरी चूक दिसली तरी नापास. इथं पस्तीस टक्क्यांना पास नसतं.

आणि बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं पळवायची सेटिंग) चालू असेल तर आधी बंद करा. दोन रॅम वेगवेगळ्या वेगाच्या आहेत का?

खासबाग_विनायक
जुनीवर २६६६ लिहिलंय, नंतरचीवर ३२००. कंपन्याही वेगळ्या. एक्सएमपी बंदच आहे.

सांबऱ्याचा_पोरगा
तुमचा प्रोसेसर तसाही २६६६ पर्यंतच चालवतो, दोन्ही त्याच वेगानं पळणार. वेगळ्या जातीच्या दोन रॅम बहुतेक वेळा नांदतात, कधीकधी भांडतात. तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

तांबडी_माती
मेमटेस्टच्या आधी खोडरबर फिरवून घ्या. नाहीतर पट्टीवरच्या मळापायी चांगली रॅम फेकून द्याल.

सांबऱ्याचा_पोरगा
खोडरबरानं वरचा सोन्याचा थर झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड वापरा.

तांबडी_माती
अहो साहेब, बेंगळुरूत एसीत बसून ठीक हाय. खानापूरच्या पावसात हिरवा गंज चढलेली पट्टी अल्कोहोलनं पुसून बघा एकदा. पांढरा मऊ रबर, हलक्या हातानं, आणि चुरा ब्रशनं झाडायचा. आमची रोजीरोटी हाय ती.

सौ_मृणाल
दोघंही बरोबर आहात, विनायकरावांना जे घरात सापडेल ते वापरू द्या.

जुनाखडूस
अवांतर: आमच्या वेळी फ्लॉपी ड्राइव्हचं हेड साफ करायला अत्तराचा फाया वापरत. कॉम्प्युटर चालो न चालो, खोली दरवळायची.

चंदगडकर
अवांतरच चाललंय तर विचारून घेतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विनायकरावांनी सरळ ११ वर गेलं तर हा प्रश्नच मिटेल ना?

सांबऱ्याचा_पोरगा
नाही हो. रॅमच खराब असेल तर ११ चढवताना फाइली कॉपी होतात त्याही त्याच रॅममधून जातात. विंडोज पहिल्या दिवसापासून आजारी. आधी रॅम, मग ११. प्रोसेसर ११ ला चालतो, बायोसमध्ये पीटीटी (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करावं लागेल एवढंच. आणि ११ मध्ये सुटका कसली, नव्या आवृत्तीत त्यांनी तो पडदा काळा केलाय, रडका चेहराही काढून टाकला. कोड मात्र दाखवतात.

निपाणीचा_नाना
चेहरा काढला? आता मशीनपुढं रडायला आपण एकटेच उरलो.

खासबाग_विनायक
रात्री मेमटेस्ट लावला होता. आधी दोन्ही रॅम काढून पट्ट्या पुसल्या. तांबडी_माती, खोडरबरच वापरला, पोरीच्या कंपासपेटीतला. पट्ट्या काळ्या नव्हत्या फारशा, पण पंख्यात धुळीची गोधडी होती.

पहिला फेरा पूर्ण व्हायच्या आत खालच्या भागात लाल ओळी यायला लागल्या. सुरुवातीला तीन-चार, मग भराभरा. पत्ते सगळे जवळजवळचे, १३ जीबीच्या आसपास. बायको म्हणाली, "हे लाल म्हणजे चांगलं की वाईट?"

शहापूरची_अक्का
अरे बापरे. पण निदान कळलं तरी.

सांबऱ्याचा_पोरगा
अर्धंच कळलंय. आता बोर्डला सोडवू. जुनी रॅम एकटीच बसवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात, आणि टेस्ट. मग त्याच स्लॉटात नवी एकटी, आणि टेस्ट. मग जी नापास होईल ती वेगळ्या स्लॉटात. एका वेळी एकच बदल. रॅम बदलली, त्याच वेळी बायोस अपडेट केलं, त्याच वेळी विंडोजही नवं टाकलं, असं करू नका. बरं झालं तरी कशानं झालं ते कळणार नाही.

आणि संध्याकाळीच का व्हायचं त्याचंही उत्तर त्या पत्त्यांत आहे. सकाळी तुमच्या बिलांना चार-पाच जीबी पुरते, तेव्हा तो खराब भाग बहुधा कुणाच्या वाट्याला येत नाही. संध्याकाळी फोटोचं सॉफ्टवेअर, ब्राउझरचे पन्नास टॅब, व्हॉट्सअॅप, सगळं उघडं. मेमरी भरत जाते आणि कुणीतरी त्या जागेत पाय घालतंच.

फॉरमॅटनंतर आठवडाभर बरं का वाटायचं? ताजं विंडोज, मागं चालणारी सॉफ्टवेअरं कमी, मेमरी कमी लागते. मग हळूहळू सगळं परत टाकलं जातं.

उद्यमबाग_वायरमन
ही रॅम खराब झाली ती व्होल्टेजमुळे नाही हे कशावरून?

सांबऱ्याचा_पोरगा
काका, ते सिद्ध करता येणार नाही. तुम्ही म्हणता तसंही असू शकेल.

उद्यमबाग_वायरमन
मग अर्थिंगचं बघा. पाइप किंवा प्लेट पुरून, कोळसा-मीठ घालून, नीट वायर ओढून. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारे महाभाग आहेत आपल्याकडं, त्यांना घरात घेऊ नका. न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट जिवंत होतं.

सौ_मृणाल
हे काकांचं वेगळ्या धाग्यात यायला हवं. आमच्याकडं वॉशिंग मशीनला झिणझिण्या येतात.

खासबाग_विनायक
झालं एकदाचं. जुनी रॅम चारही फेरे स्वच्छ. नवी त्याच स्लॉटात लावली, लाल. दुसऱ्या स्लॉटात लावली, तरी लाल. जुनी त्या दुसऱ्या स्लॉटात लावली, स्वच्छ. म्हणजे बोर्ड चांगला, स्लॉट चांगले, नंतर घातलेली रॅम खराब. बरोबर ना?

सांबऱ्याचा_पोरगा
अगदी बरोबर. बोर्डचे पैसे वाचले.

कुंदा_प्रेमी
कुंदा कधी वाटताय?

तांबडी_माती
रॅमवर बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी लांबची असते, तीन वर्षं, पाच वर्षं, कुणाची दहासुद्धा. स्टिकर फाडू नका, त्यावरच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्या साइटवर तपासता येतं. बिल हाय काय? आणि सर्व्हिस सेंटर बेळगावात नसलं तर हुबळीला नाहीतर कोल्हापूरला जावं लागेल, आधी फोन करा.

खासबाग_विनायक
बिल कच्चं होतं, वहीच्या कागदावर. पण साइटवर सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी अजून चालू दाखवतंय. अर्ज भरलाय, कुरियरनं पाठवायला सांगितलंय. तोवर ८ जीबीवर चालवतोय. बायकोला टॅब कमी उघड म्हणून सांगून पाहिलं.

निपाणीचा_नाना
आणि?

खासबाग_विनायक
पुढचं विचारू नका.

सांबऱ्याचा_पोरगा
दोन कामं राहिलीत, ती करूनच घ्या. एक, कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी डिझमची रिस्टोअरहेल्थवाली कमांड, मग एसएफसी स्कॅननाऊ. खराब रॅमच्या काळात विंडोजच्या फाइली बिघडल्या असतील तर त्या दुरुस्त होतात. आणि शट डाउन करून परत चालू केलं म्हणजे सगळं ताजं झालं असं समजू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची जुनी स्थिती डिस्कवरून तशीच परत येते. ताजं हवं असेल तर रीस्टार्ट.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ती रॅम बसवल्यापासून जे जे कॉपी केलं, झिप केलं, एडिट करून सेव्ह केलं, ते उघडून बघा. उलटा झालेला बिट पडद्यावर निळं दाखवतोच असं नाही. कधी तो गुपचूप फोटोत किंवा हिशोबाच्या फाइलीत जाऊन बसतो. जीएसटीचा बॅकअप विशेषतः.

शहापूरची_अक्का
बाई गं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विनायकराव, साड्यांचे मूळ फोटो फोनमधून काढलेत की नाही?

खासबाग_विनायक
एसएफसीनं काही फाइली दुरुस्त केल्याचं सांगितलं. जीएसटीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघितला, आकडे जुळले. साड्यांच्या दोन झिप फाइली उघडत नाहीत, सीआरसी एरर (आतला डेटा बिघडल्याची खूण) येतेय. बऱ्याच फोटोंत अर्ध्यापासून खाली करडा पट्टा आहे, काठ दिसतो आणि पदर गायब. मूळ फोटो फोनमध्ये आहेत, फक्त एडिट परत करावे लागतील. ते आता उद्यापासून, ८ जीबीवर.